सेनापतीच्या घुमटाखाली

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोन केला की "कामात आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राला मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

आईला तुझ्या शहरात यायचंय. तुझ्या ओढीनं नव्हे, उगाच हुरळून जाऊ नकोस. धाकटा जिथं पडला ती जागा तिला बघायचीय. चार वर्षं गप्प होती. त्या सेनापतीच्या समाधीचा घुमट दुरुस्त करताना माझा भाऊ परांचीवरून खाली आला आणि आमच्या दारात एक बंद पेटी उतरली, एवढंच तिला माहीत. उघडू नका म्हणाले, आम्ही उघडली नाही. आता सकाळी उठल्यापासून तिचं एकच, "मला तिथं एकदा जायचंय."

मला जमणार नाही. दुकानाचा मालक आजारी आहे. चष्म्याच्या काचा घासण्यापासून गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळण्यापर्यंत सगळं दुकान माझ्या गळ्यात आहे. तेव्हा तू तिला समाधी दाखव, दोन दिवस ठेवून घे आणि परत गाडीत बसवून दे. गावात त्याच्या थापीला काम कमी नव्हतं. शहराचं वेड तुला लागलं होतं. त्यामुळे एवढं तर तुझ्या अंगावर पडतंच.

कधी पाठवू ते कळव.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

आईंना पाठवू नका.

"कशी आहेस" एवढे दोन शब्द लिहायला शाई कमी पडली असेल, तर सांगते. बरी आहे. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी दाबते, वाफेनं हात भाजतात, संध्याकाळी एका खोलीत परत येते. लाँड्रीला सरळ रस्त्यानं गेलं तर तो घुमट दिसतो, म्हणून मी वळसा घालून जाते. चार वर्षं घालतेय. आणि तुम्ही म्हणता, आईंना तिथं घेऊन जा.

काय दाखवू त्यांना? तिथं धाकट्याचं काहीही नाही. नाव नाही, खूण नाही. फुटलेली फरशी बदलून टाकली. लोक रांग लावून तिकीट काढतात, फोटो काढतात, बाहेर घुमटाच्या आकाराच्या किल्ल्यांच्या साखळ्या विकत मिळतात. शेकडो वर्षांपूर्वी कुठलीशी लढाई जिंकलेला सेनापती मधोमध आरामात झोपलाय. आई त्याचं दर्शन घेऊन काय करणार?

आणि शहराचं वेड मला नव्हतं. लग्न झालेल्या भावाचं नाक पुसायचं तेवढं तुम्ही बाकी ठेवलं होतं. कुठं चाललास, किती वाजता येशील, मफलर घेतलास का. मी फक्त बॅग भरली, ताई. दार त्यानं उघडलं.

बॅगेवरून आठवलं. तो गेल्यावर पाहुणे घरात असतानाच माझी बॅग तुम्ही बाहेर आणून ठेवली होती. आता तुम्हाला मी सून म्हणून आठवले?

तुमच्या भावाची बायको


१८ फेब्रुवारी

वहिनी,

तिकीट काढलंय. शनिवारी दुपारच्या गाडीनं आई येतेय. घ्यायला आली नाहीस तर म्हातारी फलाटावर बसून राहील, आणि लोक तुला नावं ठेवतील, मला नाही.

बॅग मी ठेवली, हो. तू बाहेरच्या खोलीत बसून माझ्या मावशीला सांगत होतीस, "मला लवकर परत जायला हवं, कामावर खाडा होतो." भावाची राख अजून निवली नव्हती. मी म्हटलं, हिला घाई आहे ना, मग आपण मदत करू.

दुसरं. आमच्या गावचा एक ट्रकवाला तुझ्या गल्लीत माल टाकतो. सांगत होता, एक माणूस तुझ्या खिडकीची काच बसवत होता. बसवू दे बापडा. पण बसवून झाल्यावर आत जाऊन तुझ्याकडे जेवला, आणि ट्रक रिकामा झाला तरी बाहेर आला नाही. खाई त्याला खवखवे, म्हणून तर आईला येऊ नका म्हणतेस! ती असेपर्यंत तरी तो माणूस तिच्या नजरेला पडता कामा नये.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

आईंच्या नजरेला आता काहीच पडणार नाही, कारण त्यांना नजरच उरलेली नाही. हे तुम्ही मला कधी सांगणार होतात?

मी फलाटावर त्यांच्या अगदी समोर उभी होते. हात पुढे केला, तर माझ्याकडे तोंड करून त्या हमालाला विचारतायत, "अहो, माझी सून कुठं दिसतेय का? उंच आहे, चेहरा त्रासलेला असतो." मला हसू की रडू कळेना. अख्ख्या गावाला चष्मे लावता, आणि स्वतःच्या आईच्या डोळ्यांपुढे अंधार झालाय हे मला एका ओळीत लिहवलं नाही तुमच्यानं? "समाधी दाखव" म्हणे!

डॉक्टर म्हणाला की आता इलाज नाही, हेही आईंनीच सांगितलं. सावल्या दिसतात तेवढ्या. म्हणून घाई होती त्यांना.

आता तुमच्या ट्रकवाल्याचं. काच चांगली बसली आहे, त्याला कळवा. तो माणूस येतो आणि येत राहील. मे महिन्यात आम्ही लग्न करतोय. तो गिलाव्याचा मेस्त्री आहे. धाकट्याबरोबर त्याच परांचीवर काम करत होता. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आईंपासूनही लपवलं नाही. स्टेशनवर मेस्त्रीनं त्यांची पिशवी घेतली, तेव्हा त्यांनी त्याचा हात पकडला आणि बोटं चाचपली. "चुन्यानं फाटलेत," म्हणाल्या. "माझ्या पोराचेही असेच होते. तू कोण?" त्यानं सांगितलं. खोलीवर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "जेवायला त्यालाही थांबव."

रविवारी समाधीत गेलो. मी दारातच थांबणार होते, पण आईंनी माझा दंड सोडला नाही. मेस्त्रीनं जागा दाखवली. आईंनी त्याला एक प्रश्न विचारला, त्यानं उत्तर दिलं. ते त्यांच्यात राहू दे.

आई इतक्यात परत येत नाहीत. मी थांबवलेलं नाही.

तुमच्या भावाची बायको


५ मार्च

वहिनी,

डोळ्यांचं नाही कळवलं, कारण तू कीव केली असतीस, आणि तुझी कीव मला नको होती. तुझ्याकडून मला काहीच नको होतं. दोन दिवस आईला सांभाळ म्हटलं, तर तू तिला गिळून बसलीस.

आणि तो! परांचीवर दोघं चढले. एक आपल्या पायांनी खाली आला आणि आता दुसऱ्याच्याच घरात जेवायला बसतोय. दुसरा पेटीतून घरी आला. मी शाळा फार शिकले नाही, पण एवढं गणित मला येतं. कधीपासून चाललंय हे? धाकटा असताना की नंतर? मेलेल्याच्या ताटात जेवताना घास बरा उतरतो त्याच्या घशाखाली!

अशा माणसाच्या हातात तू माझ्या आंधळ्या आईचा हात दिलास.

धाकट्याला मी वाढवलंय. बाप गेला तेव्हा तो एवढासा होता आणि मीही फार मोठी नव्हते. आई कामाला जायची. त्याला भरवलं मी, झोपवलं मी, मारलं मी. तू चार वर्षांची पाहुणी. तो कसा मेला हे तुम्हा दोघांना ठाऊक, आईला ठाऊक, आणि मी तेवढी परकी?

आईनं काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं, ते सगळं लिहून पाठव. नाहीतर मी पोलिसात जाते आणि सांगते की एका माणसाची पुन्हा चौकशी करा.

ताई


११ मार्च

ताई,

ऐका तर मग. तुम्ही मागितलंत म्हणून देतेय.

आत गर्दी होती. मधे दोरी, दोरीपलीकडे खोलगट चौकात सेनापतीची शिळा, वर घुमट. गाईड लढाईचं सांगत होता. आईंनी विचारलं, "कुठं?" मेस्त्रीनं त्यांना दोरीखालून उजवीकडच्या खांबाजवळ नेलं. "इथं, काकू."

आई खाली बसल्या. दोन्ही तळवे फरशीवर टेकवून बसून राहिल्या. "गार आहे," म्हणाल्या. मग तोंड वर करून, "किती उंच?"

मेस्त्रीला सांगता येईना. त्यानं एक टाळी वाजवली. आवाज वर गेला, तिथं फिरला आणि बऱ्याच वेळानं खाली आला. आई ऐकत होत्या. "एवढं?" म्हणाल्या.

पहारेकरी ओरडत आला. मेस्त्री त्याच्याशी हळू काही बोलला, तसा तो मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

मग आईंनी विचारलं. कसा पडला, असं नाही विचारलं. "पडायच्या आधी तुम्ही दोघं काय बोलत होतात?"

मेस्त्री म्हणाला, "काकू, राहू द्या."

"राहू द्यायला एवढ्या लांब नाही आले मी. बोल."

"तो ताईची नक्कल करत होता," मेस्त्री म्हणाला.

तुमची, ताई. लहानपणी त्याला रंगवायला ब्रश हवा होता, म्हणून त्यानं तुम्ही झोपेत असताना तुमच्या वेणीचा शेंडा कापला. तुम्ही चप्पल घेऊन त्याच्या मागे धावलात. शेजारी घराचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या निवलेल्या चुन्याच्या खड्ड्यात पडलात. भुतासारख्या पांढऱ्याफटक वर आलात, डोळे मिटलेले, हातातली चप्पल मात्र तशीच वर, आणि म्हणालात, "घरी चल, मग बघते तुझ्याकडे!" धाकटा मेस्त्रीला म्हणायचा, चुन्याशी माझी पहिली ओळख ताईनं करून दिली. परांचीवर तो डोळे मिटून, थापी चपलेसारखी वर धरून तुमच्यासारखा चालत होता. मेस्त्री हसून हसून खाली बसला होता. धाकट्यानं एक पाऊल मागे टाकलं. मागे कठडा नव्हता.

कठडा ठेकेदारानं लावलाच नव्हता. मेस्त्रीनं चौकशीत तसं सांगितलं, म्हणून त्याचं काम गेलं आणि वर्षभर त्याला कुणी उभं केलं नाही. तुम्ही चौकशीला आला असतात तर ऐकलं असतंत. नकलेचं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी ते तिथंच, तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आणि आई हसल्या. आधी घशातल्या घशात, मग मोठ्यानं. घुमटानं ते उचललं आणि सगळीकडून आई हसायला लागल्या. लोक वळून बघत होते. हसता हसता त्यांनी विचारलं, "घाबरला नाही ना रे तो?"

"घाबरायला वेळच मिळाला नाही, काकू."

मग त्या रडल्या. मीही.

कधीपासून, असं तुम्ही विचारलंत. काम सुटल्यावर तो एकदा धाकट्याची हत्यारं द्यायला आला आणि दारातूनच गेला. पुन्हा यायला त्याला दोन वर्षं लागली. बस एवढंच आहे ते.

तर तुम्हाला कुणाला तरी धरायचं होतं. तुमचा भाऊ तुमचं सोंग घेऊन मेला. आता जा पोलिसात.

तुमच्या भावाची बायको


२ एप्रिल

ताई,

पत्राला उत्तर नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणजे माझाच गुण तुम्हाला लागला.

आई सकाळी विचारतात, "तिचं आलं का?" नाही म्हटलं की घास बाजूला सारतात. परवा म्हणाल्या, तू काय लिहिलं होतंस ते मला सांग. मी आठवेल तसं सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट.

"हे तू तिला थोबाडीत मारल्यासारखं लिहिलंस," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आधी त्यांनी मारलं."

"मग बसा हिशेब करत दोघी. माझा एक गेलाय. उरलेल्या दोघींचं मी काय करू?" असं म्हणून भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मी लिहिलं ते खरं होतं, म्हणून परत घेत नाही. पण तुम्ही जिवंत आहात की नाही, एवढं तरी आईंसाठी कळवा.


१९ एप्रिल

वहिनी,

चप्पल नव्हती, केरसुणी होती. आणि मी पडले नव्हते. त्यानं ढकललं होतं. नंतर माझे पाय धरले, "आईला सांगू नको," म्हणून मी आयुष्यभर "पडले" म्हणत आले. वेणीचं तर आईलाही ठाऊक नव्हतं. उंदरानं कुरतडली, असं मी तिला सांगितलं होतं. तेव्हा तुझ्या मेस्त्रीला हे धाकट्याशिवाय कुणी सांगितलं असणं शक्य नाही. एवढं मी मानते. एवढंच.

तुझं पत्र मी दुकानात उघडलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला म्हटलं, आज दुकान बंद आहे, आणि खरंच बंद केलं. आरशासमोर उभी राहिले की वाटायचं, डोळे मिटून हात वर केला की मी कशी दिसत असेन?

मागच्या मंगळवारी मी तुझ्या शहरात येऊन गेले. कुणालाही सांगितलं नाही.

तिकीट काढलं, रांगेत उभी राहिले. आत तो गाईड तीच लढाई लढत होता. सेनापतीचे घोडे किती, हत्यारं कुठली, शेवटचे शब्द काय. त्याचे शेवटचे शब्द सगळ्या जगाला पाठ आहेत! मी उजवीकडच्या खांबापाशी गेले. फरशीवर एका बाईची दोन मुलं बसून बिस्किटं खात होती. त्यांना उठवलं नाही. उभ्या उभ्याच टाळी वाजवली.

आवाज खाली यायला किती वेळ लागला गं.

पहारेकरी आला. हा दुसराच असावा. "बाई, हे स्मारक आहे. इथं असले प्रकार चालणार नाहीत."

मी म्हटलं, "इथं माझा भाऊ मेला."

"इथं फक्त सेनापती आहेत," म्हणाला.

मग माझा तोल गेला. तुझा सेनापती उठला तर उठू दे, म्हटलं. त्याच्या डोक्यावरचं छप्पर माझ्या भावानं लिंपलंय, त्याला जरा कळू दे. आणखी पुष्कळ बोलले. माझा आवाज वरून खाली येत होता आणि मलाच ओरडत होता. दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. पायऱ्यांवर बसून मी रडले. लोकांनी त्याचेही फोटो काढले असतील.

मग तुझ्या गल्लीत आले. समोरच्या फुटपाथवरून तुझी खिडकी दिसते. आई खुर्चीत होती. तो माणूस पेपर वाचून दाखवत होता आणि ती त्याला मधेमधे टोकत होती. बहुतेक हळू वाच म्हणत असेल, मलाही म्हणते. तू नव्हतीस. वर यायला पाय उचलला आणि नाही आले. गाडी पकडून परत गेले.

त्याला मी माफ केलंय, असं समजू नकोस. माफ करण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही, हे कळतं मला. पण त्या खुर्चीशेजारी तो दिसला की कोण दिसत नाही, तेच आधी दिसतं. त्याला माझा इलाज नाही. तुझ्याकडे असला तर कळव.

तुझ्याइतकी दुष्ट बाई मी पाहिली नाही. पण तू लिहिलं नसतंस तर मला हे कुणीच सांगितलं नसतं. सगळ्यांनी मला जपलं असतं, आणि मी मरेपर्यंत त्या माणसाला शिव्या देत बसले असते.

लग्नाला मी येणार नाही. आईला त्यानंतर पाठव. तिची गोळी जेवणानंतरची आहे. ती आधी घेते आणि घेतली म्हणून सांगते.

ताई


२४ एप्रिल

ताई,

पत्र आईंना वाचून दाखवलं. उंदराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं, उंदीर एवढं सरळ कापत नाही." पहारेकऱ्याशी आल्यावर मात्र मला वाचवेना. मग मेस्त्रीनं वाचलं. त्याच्याबद्दलचं जे होतं तेही त्यानंच वाचलं, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. वाचून झाल्यावर तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "बरोबर लिहिलंय त्यांनी." एवढंच.

तुम्ही फुटपाथवरून परत गेलात याबद्दल आई तुम्हाला वेगळं बोलणार आहेत. मी मधे पडणार नाही.

इलाज माझ्याकडेही नाही. त्याच्या शेजारी बसून जेवताना मलाही कोण दिसत नाही ते दिसतं. आधी वाटायचं, हे थांबलं की मगच लग्न करावं. मग लक्षात आलं, ते थांबणार नाही. त्यालाही माहीत आहे.

लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे, सकाळी, नोंदणी कचेरीत. हार नाही, पाहुणे नाहीत. साक्षीदार म्हणून आई सही करणार आहेत, तसा त्यांचा हट्टच आहे. कारकून म्हणाला, चालेल, पण सही ठरलेल्या जागेवर हवी. आईंना ती जागा दिसत नाही. कुणीतरी त्यांचा हात धरून पेन तिथं टेकवायला हवं. मी टेकवते म्हटलं, तर म्हणाल्या, "नवरीनं स्वतःच्याच लग्नात लुडबुड करू नये." मेस्त्री पुढे आला, त्यालाही नको म्हणाल्या. "माझा हात माझी लेक धरेल," म्हणाल्या, आणि पुढे काही ऐकूनच घेतलं नाही.

तेव्हा बघा. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. त्याच्याशीही नाही. आईंच्या उजव्या बाजूला उभ्या राहा.

वहिनी